लाल फडक्यातला सातवा भाग

मित्रांनो, जवळ या. मात्र हात कोरडे असतील तरच. ओला हात दिसला की माझी पानं अजूनही आपोआप मिटतात. खोटं वाटतं? वाटू द्या. मी कल्पनेच्या गोष्टीचं पुस्तक आहे, थापा मारणं हा माझा जन्मधर्मच. माझ्या पोटात एकशिंगी बोकड बोलतो, डोंगर झोपेत कूस बदलतो आणि एक म्हातारी स्वतःच्या सावलीची गोधडी शिवते. तेव्हा आज सांगताना मीठमसाला थोडा कमीजास्त पडला तर सांभाळून घ्या. पण या कहाणीतली भीती मात्र बावनकशी खरी आहे. ती मी स्वतः भोगली आहे.

मी एका जपानी कादंबरीमालेचा सातवा आणि शेवटचा भाग. मालेचं नाव तुमच्या भाषेत सांगायचं तर 'विझल्या गावांची कंदीलवाली'. देह लहान, पिशवीच्या कोपऱ्यात मावेल एवढा. माझी अक्षरं घाटाच्या पायऱ्यांसारखी वरून खाली उतरतात. आणि मी उघडतो तुमच्या उलट बाजूनं. तुमचं पुस्तक जिथं संपतं, तिथं माझं सुरू होतं. ही गोष्ट गाठीला बांधून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

माझ्या पोटात मिनावा नावाची एक मुलगी राहते. तिच्या मुलखात एका खोल विहिरीच्या तळाशी नावखाऊ बसलेला आहे. ज्याला दिवसभरात कोणी नावानं हाक मारली नाही, त्याचं नाव हा नावखाऊ गिळतो. नाव गेलं की माणूस दिव्यासारखा विझतो. अशी गावंच्या गावं विझली. मिनावा हातात कंदील घेऊन, सोबतीला तो एकशिंगी बोकड घेऊन, विझलेल्या गावांची नावं घेत हिंडते. सहाव्या भागाच्या अखेरीस ती त्या विहिरीच्या पायऱ्या उतरू लागते. कंदिलातलं तेल संपत आलेलं असतं.

माझ्या वडील भावंडांचं नशीब थोर. पहिल्या तीन भागांवर चित्रमालिका निघाली, पुढच्या तिनांवर दुसरी निघाली. मग कोणाला तरी दुर्बुद्धी सुचली आणि खऱ्या माणसांना घेऊन सिनेमा झाला. त्यात म्हणे बोकडाचं शिंग एका दृश्यात डावीकडे, तर दुसऱ्यात उजवीकडे असायचं. लोकांनी घाबरायच्या जागी हसून घेतलं. सिनेमा पडला, आणि पडला तो नेमका माझ्या अंगावर. सातव्या भागाला पडद्यावर आणायला कोणी तयार होईना. माझ्या प्रतीही मोजक्याच छापल्या, आणि तेवढ्याही विकल्या गेल्या नाहीत. पडद्यावरची मिनावा आजतागायत विहिरीच्या पायरीवर एक पाय उचलून उभी आहे. दुसरा पाय कुठे पडला, हे फक्त मला ठाऊक.

न विकलेल्या पुस्तकाचं काय होतं, माहीत आहे? आम्हाला यंत्रानं दाबून गठ्ठा करतात आणि लोखंडी तारेनं करकचून आवळतात. माझ्या डोक्यावर हिशोबाच्या जुन्या वह्या होत्या, पाठीखाली टेलिफोनच्या यादीचा जाडजूड म्हातारा. तो रात्रंदिवस लोकांची नावं पुटपुटायचा. तारेनं माझी मागची जाहिरातीची पानं कापून नेली. गोष्टीचं शेवटचं पान उघडं पडलं. तसाच जहाजात चढलो. खाऱ्या वाऱ्यानं अंग दमट झालं. कुठे नेतात कोणी सांगेना. यादीचा म्हातारा एवढंच म्हणाला, "जिथं नावं पुसतात, तिथं."

मित्रांनो, ती जागा मी पाहिली. बुऱ्हाणपुराहून थोड्या अंतरावरची कागदाची गिरणी. एक सरकता पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला विहिरीएवढं लोखंडी भांडं. त्यात पाणी गरगर फिरत होतं आणि फिरता फिरता कागदाचा लगदा करत होतं. गिरणीतले लोक त्याला पल्पर म्हणत. मी त्याला पाहताक्षणी ओळखलं. तोच नावखाऊ! माझ्या गोष्टीतला, पानातून उठून माझ्याआधी इथं येऊन बसलेला. माझ्या डोळ्यांदेखत टेलिफोनच्या यादीचा म्हातारा आत गेला. हजारो नावं एका घोटात. पाण्यावर बुडबुडादेखील आला नाही.

पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. लगद्यात प्लास्टिक चालत नाही, म्हणून पुस्तकांची चकचकीत आवरणं फाडून बाजूला टाकायचं त्यांचं काम. एका हातानं मला उचललं. हात साठीतला, खरबरीत, पण काम सफाईचं. टर्रकन माझं आवरण निघालं. आता मागे ढकलणार, आणि मी जाणार. इतक्यात तो हात थबकला. फाटलेल्या आवरणाच्या तुकड्यावर कंदील होता, बोकडाचं शिंग होतं, आणि इंग्रजी सातचा आकडा.

"आयला," तो माणूस म्हणाला, "ही तर आपल्या मृणालची कंदीलवाली!"

शेजारचा ओरडला, "मधुकर भाऊ, पट्टा थांबत नाही, काय वाचत बसले?"

"वाचतो कशाला बाबा, चिनीजपानी आहे. नात्यातलं निघालं कोणी," मधुकर म्हणाला, आणि मुकादमाला विचारून मला डब्याच्या पिशवीत टाकलं. आवरण प्लास्टिकच्या ढिगात गेलं. माझ्या नावाची पाटी गेली, पण जीव राहिला. मेथीच्या भाजीच्या डब्याला टेकून मी पहिल्यांदा बुऱ्हाणपुरात आलो.

मधुकरचं लग्न झालं नव्हतं. तिथल्याच लालबाग भागात थोरल्या भावाकडे, चुडामण आबांकडे, तो राहायचा. मृणाल ही आबांची नात. मधुकर तिचा चुलत आजा लागत होता, ती त्याला मधुबाबा म्हणायची. घरी आल्यावर त्यानं मला ट्रंकेत ठेवलं. वर गुंडाळायला हाताशी सापडलं एक लाल फडकं. पुतण्याच्या केळीच्या ट्रकला मागच्या बाजूला बांधतात ना, माल बाहेर आला तर दुरून दिसावा म्हणून, तेच. त्या फडक्यानं पुढे केवढा गोंधळ घातला, ते ऐकाच.

"हे बघ," ट्रंक लावताना मधुकर मला म्हणाला, "पोरीची बारावी आहे. आत्ता तुला बाहेर काढलं तर ती भौतिकशास्त्र सोडून तुझ्यापुढे बसेल. शेवटचा पेपर झाला का, तुला तिच्या हातात देतो. तोवर गुमान पड."

मी गुमान पडलो. ट्रंकेतून सगळं ऐकू यायचं. संध्याकाळी मधुकर गिरणीतून आला की मृणाल मोबाईल घेऊन यायची. हिंदीत बोलणारी कंदीलवाली दोघं चहा पिता पिता पाहायचे. एकदा सगळं पाहून झालं की पुन्हा पहिल्यापासून.

"बघा ना मधुबाबा, इथंच बंद केलं! मतलब, पुढं बनवलंच नाही."

"असं कसं बंद करतात वं? पोरगी विहिरीत उतरून राहिली अन् हे शटर पाडून मोकळे?"

"नेटवर पाच जणांनी पाच शेवट लिहिले आहेत. पाचही जणांनी पुस्तक वाचलेलं नाही. सगळे फेकू."

"ती विहीर आपल्या कुंडी भंडाऱ्याच्या जुन्या विहिरींसारखीच आहे," मधुकर म्हणायचा. "मी लहानपणी डोकावून हाक मारायचो. खालून माझंच नाव परत यायचं. लई भ्यायचो मी."

"मला भीती वाटते मधुबाबा. ती मरते की काय. म्हणूनच पुढचं बनवलं नसेल?"

मधुकर चहाचा कप खाली ठेवायचा. मग म्हणायचा, "शेवट मी आणून देतो तुला. पक्का."

"हां, तुमच्या गिरणीत शेवट मिळतात ना!" मृणाल हसायची. आणि मी ट्रंकेत, लाल फडक्यात, गुदगुल्या झाल्यासारखा थरथरायचो.

मित्रांनो, शेवटच्या पेपरला दोन दिवस राहिले असताना मधुकर छातीवर हात धरून बसला तो उठला नाही.

त्यानंतरचा अंधार मी कसा सांगू? ट्रंक कोणी उघडेना. संध्याकाळची हिंदी कंदीलवाली बंद झाली. दमट झालेली माझी पुढची रंगीत, गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटली, ती अशी की मिनावाच्या तोंडावर बोकड आणि बोकडाच्या तोंडावर रान. मग आली कसर. ती चंदेरी, सरसरती, बिनआवाजी. एकेक रात्र ती माझ्या कडा कुरतडायची आणि मी मनातल्या मनात ओरडायचो, 'मृणाल, मी इथं आहे!' पण पुस्तकाचा आवाज पान उघडल्याशिवाय फुटत नाही.

तेराव्यानंतर एके सकाळी झाकण उघडलं. आबा होते. त्यांनी लाल फडकं पाहिलं. लाल फडक्यात माणूस काय बांधतो? पोथी! त्यांनी मला डोक्याला लावलं, गाठ सोडली आणि तुम्ही उघडता त्या बाजूनं उघडलं. म्हणजे माझ्या शेवटच्या पानावर. समोर एकही ओळखीचं अक्षर नाही.

"मालूबाई!" त्यांनी बहिणीला हाक मारली. असीरगढच्या पायथ्याच्या गावाहून ती भावाच्या दिवसांना आलेली होती. "मालूबाई, ये वं इकडे! आपल्या आज्याची पोथी सापडली!"

आता हे समजून घ्या. या मुलखात काही घरांत फार जुन्या काळी सांकेतिक लिपीतल्या पोथ्या असत. घरच्यांना वाचता यायच्या, बाहेरच्याला नुसती किड्यामुंग्यांची ओळ दिसायची. आबांच्या आज्याकडेही तशी एक होती, आणि ती तापीच्या पुरात गेली, असं घरात सांगत. गेलेल्या पोथीचं दुःख पिढीजात होतं. ते असं अचानक ट्रंकेतून निघालं.

मालूबाईनं चष्मा कपाळावर सरकवला. "हो रे भाऊ, हीच! मी लहानपणी हातात घेतली होती ना. आज्यानं मारलं होतं मला."

मी थक्क झालो. अहो, तेव्हा माझा कारखानासुद्धा जन्मला नव्हता! इतकी वर्षं मला वाटायचं की थापाडा मी. माझी गुरू तर या घरात निघाली.

"मधुकरनं जपली होती," आबा म्हणाले. "बोलला नाही लेकाचा. शेवटपर्यंत बोलला नाही."

झालं. पुस्तकाची पोथी झाली. मला देवघरात पाट मिळाला, हळदकुंकू मिळालं, रोज एक झेंडूचं फूल मिळालं. तुम्ही म्हणाल, मग भीती कसली? पाटावर बसून बघा. समोर समईची ज्योत. डाव्या हाताला तेलाची बुधली. मांजर आलं की माझा जीव त्या बुधलीत. आणि सगळ्यांत मोठी भीती ही, की आबांनी बजावून ठेवलं होतं, "पोथीला कोणी हात लावायचा नाही." मृणाल रोज देवघरावरून कॉलेजला जायची. माझ्यात आणि तिच्यात एका फडक्याचं अंतर. तिला मधुबाबाची आठवण नको वाटायची, म्हणून ती फडक्याकडे बघायचीही नाही.

आबांना ती लिपी वाचता येत नव्हती, पण श्रद्धेला अक्षरओळख लागत नाही. जसे काही लोक वहीत रोज रामनाम लिहितात, तसं आबांनी ठरवलं की रोज आंघोळ झाली की पोथीचं पहिलं पान उतरून काढायचं. त्यांचं पहिलं पान म्हणजे माझं शेवटचं! एकेक रेघ, एकेक टिंब, बोटानं चाचपून, पेन्सिलीनं वहीत. पहिल्या दिवशी दुपार झाली. पुढे हात बसला. वही भरली की पत्र्याच्या डब्यात, मग नवी वही.

एकदा मृणाल दारातून म्हणाली, "आबा, काय लिहिता रोज?"

"मोठ्यांच्या जपात डोकावू नये," आबा म्हणाले आणि वही मिटली.

मी मनात कपाळ बडवून घेतलं. ज्या शेवटासाठी पोरीचं काळीज तुटत होतं, तो तिच्या आज्याच्या हातून रोज सकाळी लिहिला जात होता, आणि घरात कोणालाच पत्ता नव्हता.

असं वर्ष गेलं. कसरीनं माझी कड चाळणीसारखी केली. मधुकरच्या वर्षश्राद्धाला मालूबाई आली, देवघरात शिरली आणि किंचाळली, "अरे भाऊ, पोथी खंडित झाली! पानं गळून राहिली. खंडित पोथी घरात ठेवत नाहीत. तापीमाईला दे."

"मालूबाई, मधुकरची आठवण आहे ती."

"म्हणूनच आज दे. त्याचं वर्षश्राद्ध, त्याचीच पोथी. घरात ठेवली अन् घराला काही झालं तर मला बोलू नको."

मित्रांनो, मानाचं मरण म्हणतात ते हेच. रद्दी म्हणून मला पाण्यात घालणार होते, तेव्हा एका माणसानं वाचवलं. आता देव म्हणून पाण्यात घालणार होते, तेव्हा कोण वाचवणार? अपमानातून सुटता येतं, सन्मानातून सुटायला वाटच नसते.

सकाळी दहाच्या सुमारास सगळे तापीच्या राजघाटावर आले. आबांचे गुडघे पायऱ्या उतरेनात. ते वरच्या पायरीवर बसले. मला मृणालच्या हातात दिलं. वर्षभरानं पहिल्यांदा तिचा हात मला लागला, आणि तो मला बुडवायला!

"खालच्या पायरीवर जा," आबा म्हणाले, "नमस्कार कर आणि हळूच सोड."

"आबा, तुम्हीच सोडा ना. मला नाही करायचं हे."

"माझे पाय चालले असते तर तुला सांगितलं असतं का, बाई?"

ती उतरू लागली. एक पायरी, दुसरी पायरी. खाली तापीचं हिरवंकाळं पाणी. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं, ओढ होती. मी माझीच गोष्ट जगत होतो. मिनावाही अशीच उतरत होती. माझ्या आत ती पाय उचलून उभी, आणि बाहेर मी. मृणालनं डोळे मिटले. लाल फडकं सोडलं. मी पाण्यात पडलो.

थंड. आधी कडा, मग पोट, मग पाठ. पाणी माझ्या अंगात अक्षराअक्षरानं शिरत होतं. खालून एक मासा आला, माझ्या बेचाळिसाव्या पानाशी त्यानं तोंड उघडझाप केली. तो वाचत होता, हे मी आजही शपथेवर सांगतो. मी म्हणालो, 'संपलं. नावखाऊनं शेवटी गाठलंच.'

आणि तेवढ्यात एक गंमत झाली. ज्या पाण्याला मी जन्मभर भ्यालो, त्यानंच माझी चिकटलेली पानं सोडवली. गुळगुळीत रंगीत पान हळूच सुटलं आणि पाण्यावर उताणं उलगडलं. त्यावर मिनावा होती. हातात कंदील, शेजारी एकशिंगी बोकड, समोर विहिरीच्या पायऱ्या.

मृणालनं डोळे उघडले होते. तिची किंकाळी घाटभर घुमली.

"मिनावा!"

आणि तिनं सरळ पाण्यात उडी घेतली.

त्या क्षणी मी माझी भीती विसरलो. कारण पाणी तिच्या कमरेला, मग छातीला लागलं, आणि ओढ तिला माझ्यामागे खेचत होती. मी पुढे चाललो होतो, ती मागे. पोहायला तिला येतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. मला एकच कळत होतं, की ही पोर माझ्यापायी बुडणार. वरच्या पायरीवरून आबांचा आवाज आला, म्हातारा, फाटलेला.

"मृणाल! मृणाल! मृणाल!"

तिच्या हाताला माझा कणा लागला. दुसऱ्या हातानं तिनं घाटाला बांधलेल्या नावेचा दोर पकडला. नाववाल्यानं तिला ओढून पायरीवर घेतलं. ती खोकत होती, थरथरत होती, आणि मला छातीशी धरून रडत होती.

मालूबाई कडाडली, "अगं वेडी का तू? नदीला दिलेलं परत घेतात का? पाप लागेल!"

"ही पोथी नाही मालूआजी! ही कंदीलवाली आहे. सातवा भाग. मधुबाबा म्हणाले होते, शेवट आणून देतो. आणला होता हो त्यांनी! माझ्यासाठी आणला होता!"

मृणालनं मला वर नेल्यावर आबांनी चित्र पाहिलं. मुलगी, कंदील, बोकड. बराच वेळ पाहिलं. मग मालूबाईकडे पाहिलं. मालूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा चष्मा पुसायला काढला.

"म्हणजे मी वर्षभर," आबा हळू म्हणाले, "गोष्टीच्या पुस्तकाला हात जोडले."

घरी परतताना रिक्षात माझं पाणी मृणालच्या मांडीवर ठिबकत होतं.

मृणालनं माझ्या पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घातले आणि मला पंख्याखाली ठेवलं. माझे ते भाऊबंद, ज्यांना मी गिरणीत टाकून आलो होतो, त्यांनीच माझं पाणी प्यायलं. चार दिवसांनी मृणाल पानं चाळू लागली. माझ्या उजव्या बाजूनं, बरोबर. चाळता चाळता शेवटाला आली आणि थांबली.

शेवटचं पान नव्हतं. वर्षभर बोटं लागून लागून ते झिजलं होतं, हळदीनं मऊ पडलं होतं. तापीमाईनं एवढंच ठेवून घेतलं.

"शेवटच गेला," मृणाल म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "मधुबाबांनी आणला, अन् मीच माझ्या हातानं सोडून दिला."

आबा देवघराच्या दाराशी बसलेले होते. घाटावरून आल्यापासून त्यांनी वही उघडली नव्हती. लाज माणसाला विहिरीसारखी खोल ओढते. ते उठले. पत्र्याचा डबा आणला. मृणालसमोर ठेवला आणि झाकण काढलं.

"बघ बरं," ते म्हणाले. "तुझ्या कामाचं आहे का. माझ्या तर आता नाही."

मृणालनं एक वही उघडली. मग दुसरी. मग तिसरी. पानापानावर तेच पान. तीच उभी अक्षरं, वरून खाली, आबांच्या पेन्सिलीनं. पहिल्या वहीतली वाकडी, शेवटच्या वहीतली अशी सुबक की माझ्या छापखान्यानं तोंडात बोट घालावं.

"आबा," ती म्हणाली, "हे तुम्ही? रोज?"

"मला वाटलं जप आहे."

तिनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आबा तिच्या ओल्या डोळ्यांवरून हात फिरवत राहिले. मी पंख्याखाली पानं फडफडवून रडलो. मृणालला वाटलं वारा आहे.

पण अक्षरं मिळाली म्हणजे अर्थ मिळत नाही. तिनं मोबाईल माझ्यावर धरला. पसरलेली शाई आणि उभ्या ओळी पाहून मोबाईलनं भाषांतर केलं, 'सासूबाईंनी बोकडाला पावती दिली.' मृणाल त्या वर्षात पहिल्यांदा पोट धरून हसली. मग तिनं मोबाईल ठेवला आणि अक्षरं शिकायला बसली. रोज थोडी. केळीच्या बागेत पाणी जसं सरीसरीनं पुढे सरकतं, तशी ती माझ्यात पुढे सरकली. कुठे एका ओळीला आठवडा, कुठे एका पानाला महिना. मालूबाई आली की विचारायची, "काय म्हणते आज्याची पोथी?" तिनं आपली थाप अजून मागे घेतलेली नाही. मी मानतो तिला.

आणि अलीकडेच एका दुपारी मृणाल शेवटाला पोचली. माझ्यात पान नव्हतं, म्हणून तिनं आबांची वही माझ्या शेजारी उघडली. आबा समोर येऊन बसले. माझा जीव मुठीत. तिला भीती होती, मिनावा मरते की काय. मला भीती होती, तिला शेवट आवडला नाही तर? एवढं सगळं मधुकरनं, आबांनी, तापीमाईनं ज्याच्यासाठी केलं, तो शेवट तेवढ्या तोलाचा निघाला नाही तर?

ती अडखळत वाचू लागली. "कंदील विझला. पण तिनं डोळे मिटले नाहीत. नावखाऊ म्हणाला, 'तुझं नाव मला दे, इथं तुला कोणी ओळखत नाही.' तेवढ्यात वरच्या पायरीवरून कोणीतरी..."

तिचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"कोणीतरी काय?" आबा म्हणाले.

"वरच्या पायरीवरून कोणीतरी हाक मारली. मिनावा. मिनावा. मिनावा." तिनं वर पाहिलं. "संपलं आबा. एवढंच आहे. तिन्ही वेळा तिचं नाव."

आबा त्या तीन अक्षरसमूहांवरून बोट फिरवत राहिले. "म्हणजे रोज सकाळी मी तिलाच हाका मारत होतो?"

"रोज. तीनदा."

आता तुम्हीच सांगा मित्रांनो, ज्या पोरीला एक म्हातारा रोज आंघोळ करून तीनदा हाक मारतो, तिचं नाव गिळायची कोणत्या नावखाऊची छाती आहे?

वहीच्या पानाच्या तळाशी, जपानी ओळींच्या खाली, आणखी एक शब्द होता. देवनागरीत. मृणालनं बोट ठेवलं. "आणि हे, आबा? हे पण पुस्तकात होतं?"

"ते माझं आहे," आबा म्हणाले. "पोथी त्याची म्हणून रोज खाली त्याचं नाव टाकत होतो."

मृणालनं तेही वाचलं. त्याच श्वासात, त्याच सुरात, जणू गोष्टीचा शेवट अजून एका शब्दानं लांब होता.

"मधुकर."

आता मी पाटावर नाही, ट्रंकेतही नाही. मृणालच्या टेबलावर आहे, आबांच्या वह्यांना टेकून. मी फुगलो आहे, माझी कड चाळणी आहे, पावसाळ्यात अंग दुखतं. भीती गेलेली नाही. पल्पर अजून फिरतो आहे, पट्टा थांबत नाही. तेव्हा एकच मागणं आहे. एखादं जुनं पुस्तक रद्दीत टाकायचंच असेल तर टाका, मी तुमचा हात धरणार नाही. पण टाकण्याआधी ते एकदा हातात घ्या, कोरड्या हातानं. आणि त्याचं नाव मोठ्यानं वाचा. अक्षर ओळखीचं नसेल तर आबांसारखं बोटानं चाचपा. आत कोणीतरी पायरीवर उभं असतं, एक पाय उचलून.